दोन रकाने आणि कान्हेरीचे बाक : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

बोरिवलीत इतिहास शिकवून मी निवृत्त झालो. ‘वैदिक व बौद्ध शिक्षणातील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचे किती पेपर तपासले असतील, मोजदाद नाही. मुले मधोमध रेघ ओढतात. डावीकडे गुरुकुल, संस्कृत, वर्ण. उजवीकडे विहार, पाली, सर्वांना प्रवेश. चार मुद्दे, चार गुण. मीही मुकाट्याने दिले. २०२०च्या शैक्षणिक धोरणामुळे भारतीय ज्ञानपरंपरा वर्गात येते आहे, याचा आनंदच आहे. धास्ती एवढीच, की ती अशी रेघ ओढून येईल. किंवा एक रकाना पुसूनच येईल.

पाली त्रिपिटकातल्या तेविज्ज सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका संवादात, बुद्ध दोन ब्राह्मण तरुणांना विचारतात : तीन वेद जाणणाऱ्यांपैकी कुणी ब्रह्माला समोरासमोर पाहिले आहे का? त्यांच्या गुरूंनी? मागच्या सात पिढ्यांत कुणी? उत्तर प्रत्येक वेळी ‘नाही’. मग ही एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांगच झाली, असे बुद्ध म्हणतात. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला नाही, मागच्यालाही नाही.

आता कठोपनिषद उघडा : ‘अन्धेनैव नीयमाना यथान्धाः’. अविद्येत राहून स्वतःला पंडित समजणाऱ्यांना तिथेही हाच टोला आहे, आणि मुंडकोपनिषदातही. म्हणजे पाठांतरावर निभावून नेणाऱ्यांना घरातल्यांनी आणि घराबाहेरच्यांनी एकाच दाखल्याने झोडपले आहे. हा दाखला कोणत्या रकान्यात लिहायचा?

पाठांतराला मी हिणवत नाही. पद, क्रम, जटा, घन या पठणपद्धतींनी शब्दांची उलटसुलट गुंफण करून एक स्वरही हलू न देता वेद मुखोद्गत ठेवणे ही थक्क करणारी युक्ती आहे. आणि बुद्धवचनेही आधी शतकानुशतके तोंडपाठच होती, हे उजव्या रकान्यात कुणी लिहीत नाही.

प्रवेशाचेही तसेच. छांदोग्य उपनिषदात शिकायला आलेला सत्यकाम आपले गोत्र माहीत नसल्याचे सरळ सांगतो आणि त्या खरेपणावर गौतम ऋषी त्याला पदरी घेतात. संघात उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळते, का तर त्यांना त्याच्यापुढे वाकावे लागावे म्हणून. पण सत्यकामाची गोष्ट सांगून वर्णाची दारे झाकू नयेत. आणि कर्जदार, दास, राजाचे शिपाई यांना संघातही प्रव्रज्या, म्हणजे भिक्षू होण्याची दीक्षा, नव्हती, हेही दडवू नये. मुलांना अर्धे सांगितले की उरलेले अर्धे ती मोबाइलवरून उचलतात, तेही शिव्यांसकट.

नालंदेत तर वेद आणि सांख्यही अभ्यासले जात, हे तिथे शिकलेल्या चिनी भिक्षू ह्युएन त्संगच्या चरित्रात आहे. प्रतिपक्ष नीट कळल्याशिवाय वाद घालायचा कसा?

आणि हे सारे मुंबईच्या मुलांपासून लांब नाही. नॅशनल पार्कातल्या कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे ब्राह्मी लेखांत कोरलेली आहेत, पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. ११ क्रमांकाच्या लेण्यात जमिनीलगत दोन लांबलचक दगडी बाक आहेत. एकदा त्यांच्या दोन्ही बाजूंना नववीचा वर्ग बसवला. एका बाजूने उपनिषदाची बाजू मांडायची, दुसरीने सुत्ताची. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. जागा बदलताना झालेला आरडाओरडा पहारेकऱ्याला आवडला नाही. मला फार आवडला.

मागणी छोटी आहे. पाठात कठोपनिषदातली ती ओळ आणि तेविज्ज सुत्तातला तो उतारा शेजारी शेजारी छापा, मुळातून आणि सोप्या मराठीत. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी आणि पाली या दोघींनाही एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. निदान त्या निमित्ताने तरी पालीच्या चार ओळी मराठी पुस्तकात येऊ द्या. ‘फरक स्पष्ट करा’ काढून ‘यातले कोणाचे म्हणणे तुम्हाला पटते? का?’ असे विचारा. दोन्ही बाजूंच्या उत्तरांना पूर्ण गुण मिळू शकतील, अशी सूचना तपासणाऱ्यांना लेखी द्या. तोंडी सूचनेचे काय होते, ते मी स्टाफरूममध्ये पाहिले आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, बोरिवली