शेहिनीच्या आजींना

आजी,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. गावात चर्चा झालेली तुम्हाला आवडणार नाही.

फेब्रुवारी 2022 च्या शेवटी, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, ल्विव्हहून पोलंडच्या सीमेकडे निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या लोंढ्यात मी आणि माझी मैत्रीण होतो. गाड्यांची रांग दिसताच बसवाल्याने आम्हाला सीमेआधीच्या मोस्तिस्का गावाच्याही अलीकडे उतरवलं. पुढे सगळं पायी. ‘मुलीची जबाबदारी आमची’ असं लातुरात माझ्या वडिलांना सांगून पैसे घेणाऱ्या एजंटाचा फोन बंद होता. कॉलेजवाले तर आदल्या दिवसापर्यंत हजेरीची धमकी देत होते. या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सीमेलगतच्या शेहिनी गावात तुम्ही फाटकाशी उभ्या राहून रस्त्यावरच्या पोरांना चहा देत होतात. आम्हा दोघींना हाताला धरून आत नेलंत. बटाटे, गरम सूप, शेगडीजवळ वाळत घातलेले मोजे, सगळं आठवतं. पण मला सांगायचंय ते कडीबद्दल. झोपायच्या खोलीत नेऊन तुम्ही दाराची कडी दाखवलीत, बाहेर गेलात आणि आतून लावायची खूण केलीत. मग बाहेरून खांद्याने दोनदा दार ढकलून पाहिलंत, उघडत नाही हे आम्हाला कळावं म्हणून. तुमचंच घर, तुमचाच पलंग, आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपलात. स्टेशनांवर, रस्त्यावर आम्ही एकमेकींना जागं ठेवत आलो होतो. त्या रात्री मी गाढ झोपले. भीती वाटते असं आम्ही बोललोही नव्हतो. तुम्हाला ते कळलं कसं?

सकाळी तुम्ही वहीत रेघ ओढून सान नदी दाखवलीत, सीमेपलीकडचं, पोलंडमधलं प्शेमिश्ल शहर दाखवलंत आणि म्हणालात, आई तिकडच्या गावातली, घोडागाडीतून इकडे आली. तेव्हा मला फारसं कळलं नाही. घरी आल्यावर मी वाचत गेले. 1772 पासून तुमचा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता. 1861 मध्ये क्राकोवहून प्शेमिश्लमार्गे ल्विव्हपर्यंत रेल्वे आली. पहिल्या महायुद्धात प्शेमिश्लच्या किल्ल्याभोवतीची खेडी ऑस्ट्रियाच्याच सैन्याने उठवली, तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून. महिनोन् महिने वेढा सोसून 22 मार्च 1915 ला किल्ला रशियनांच्या हाती पडला. मग पोलंड, मग सोव्हिएत, मग जर्मन, पुन्हा सोव्हिएत. ऑगस्ट 1945 च्या करारात सीमा प्शेमिश्लच्या पूर्वेला आखली गेली आणि 15 किलोमीटरच्या आतलं ते शहर तुमच्यासाठी परदेश झालं. 1944 ते 1946 मध्ये पलीकडच्या चार लाखांहून जास्त युक्रेनियनांना इकडे पाठवलं आणि इकडच्या पोलिश लोकांना तिकडे. तुमची आई त्यांतलीच, हे मला इतक्या उशिरा समजलं.

म्हणजे सामान घेऊन चालणारी माणसं तुमच्या गावाने आमच्या कितीतरी आधी पाहिली होती. तरी मी असं म्हणणार नाही की सोसलेला माणूस आपोआप चांगला होतो. सोसून कडवट झालेलेही मी पाहिलेत. तुम्ही चांगल्या आहात, कारण त्या रात्री तुम्ही तसं ठरवलंत. मोस्तिस्का ते शेहिनी रस्त्याकडेच्या कितीतरी घरांनी तेच ठरवलं होतं. डोक्यावरून युद्ध चाललेलं असताना भाकरीचा तुकडा अनोळखी पोराच्या हातात ठेवणं सोपं नसतं. आमच्याकडे टीव्हीवर सीमेवरची चेंगराचेंगरी पुन्हा पुन्हा दाखवली. ती घरं फारशी कुणी दाखवली नाहीत, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

युक्रेनियनमध्ये उतरवून घेतलेली याची प्रत तुम्हाला वेगळी पाठवते आहे. माझं शिक्षण दुसऱ्या देशात पूर्ण होतंय. तुमचे गुडघे थंडीत धरतात हे मी आईला सांगितलं होतं, ती दर हिवाळ्यात विचारते. तपासून घेतलेत का, ते कळवा. औषध आपल्या मनाने घेऊ नका.

तुमची,
लातूरची मुलगी