सामोपचार कुणाशी झाला, मंत्रिमहोदय?

मा. उच्च शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या वेळेची कदर ठेवून थोडक्यात लिहिणार होते. पण परवा कॉलेजचं पत्र हातात पडलं आणि तो विचार सोडून दिला. लैंगिक छळाच्या माझ्या तक्रारीवर कॉलेजच्या अंतर्गत समितीचा निर्णय असा : ‘उभय विद्यार्थ्यांमध्ये सामोपचार झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ हा सामोपचार कधी झाला, कुठे झाला, निदान मला तरी बोलवायचं! कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार पीडित स्त्रीने स्वतः विनंती केली तरच समेटाचा विषय निघू शकतो. मी अशी विनंती केलेली नाही.

तो माझ्याच वर्गातला. आमचं जमलेलं होतं, हे मी तक्रारीतच लिहिलंय. आधी त्याने फोनचा पासवर्ड मागितला. मग लोकेशन सतत चालू ठेवायला लावलं. मग मैत्रिणी तोडायला लावल्या. नाही म्हटलं की मनगट असं आवळायचा की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठायचा. मी संबंध तोडल्यावर नवनव्या नंबरांवरून मेसेज यायला लागले, आणि एका रात्री माझे खासगी फोटो वर्गाच्या ग्रुपवर ‘चुकून’ पडले. चूक दुरुस्त व्हायला सकाळ उजाडली. तोवर ज्यांना बघायचे होते त्यांनी ते बघितले होते.

समितीसमोर या सगळ्याच्या झेरॉक्स टेबलावर फिरत होत्या. विभागप्रमुख सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझा एक जुना मेसेज मोठ्याने वाचला. शेवटी बदामाचं चिन्ह होतं, तेही वाचलं. “हे तूच पाठवलंस ना?” हो सर, मीच. धमक्यांची पानं त्याच गठ्ठ्यात खाली होती, तिथवर कुणी पोचलंच नाही. मॅडमनी विचारलं, ब्लॉक का नाही केलंस? किती नंबर ब्लॉक करायचे, तेही सांगायचं होतं.

आता आपल्याच क्षेत्रातले नियम आपल्याला सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनुसार विभागप्रमुखांसारख्या प्रशासकीय पदावरच्या माणसांना या समितीवर बसता येत नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत हवेत. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. माझ्या समितीत सर होते, विद्यार्थी नव्हते, आणि नव्वद दिवस केव्हाच उलटून गेले. चौकशी चालू असताना दोघांना वेगळ्या तुकडीत ठेवायची सोयही नियमात आहे. ऑफिसने मलाच सांगितलं, बॅच बदलून हवी तर अर्ज कर. त्याची बॅच तशीच राहिली, माझी प्रॅक्टिकल्स बुडाली, आणि हजेरी कमी म्हणून नोटीसही मलाच आली. मी आता जेवायलाही मधल्या सुट्टीत बाहेर पडत नाही. रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. यासाठी तुमच्याकडे एखादा फॉर्म असेल तर कळवा, तोही भरते.

पोलिसांत जा, असं तुम्ही म्हणाल. गेले होते. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५ आहे, पाठलागासाठी ७८ आहे. चौकीतल्या साहेबांचं म्हणणं, कॉलेजातलं कॉलेजात मिटवा. कॉलेजचं म्हणणं, पोलिसांत गेलीस तर बदनामी तुझीच.

आणि तुमचे उपाय कोणते? सीसीटीव्ही आणि मुलींना कराटे! बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वर्षानुवर्षं छापतोय. आमच्यासारख्या प्रकरणांत दहापैकी दहाच धरा. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला कॅमेरा काय पकडणार? माझ्या एका मित्राला हॉस्टेलवर सीनिअर्सनी जे केलं, ते सांगायला तो गेला तर लोक हसले. विनियमांत मुलांचा आणि तृतीयपंथीयांचाही उल्लेख आहे, पण तो वाचलाय कुणी?

कायदा म्हणतो, समितीच नेमली नाही तर दंड ५०,००० रुपये. आमच्याकडे समिती आहे, म्हणून तोही नाही. फलक आहे, वार्षिक अहवाल आहे, त्यात तक्रारी शून्य. जितक्या कमी तक्रारी तितकी संस्था चांगली, असं तुमच्या खात्यानेच ठरवून टाकल्यासारखं दिसतं. मग तक्रार घ्यायची हौस कुणाला असणार? अर्थात दाद तरी कुणाकडे मागायची म्हणा! निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एडीआर या संस्थेने २०२४ साली लोकप्रतिनिधींची निवडणुकीतली प्रतिज्ञापत्रं तपासली, तेव्हा देशातल्या १५१ आमदार-खासदारांनी महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले आपल्यावर असल्याचं स्वतःच लिहून दिलेलं निघालं. त्यांच्याकडे कुणी बदामाचं चिन्ह दाखवून उलटतपासणी केली का?

मागण्या दोनच आहेत. माझी चौकशी नियमाप्रमाणे नेमलेल्या समितीकडून पुन्हा व्हावी. आणि तक्रारी शून्य दाखवणाऱ्या कॉलेजांची तपासणी आधी व्हावी, सत्कार नंतर. ३० दिवसांत अपील करता येतं, ते मी करतेच आहे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून हे पत्र कृपया पुन्हा त्याच प्राचार्यांकडे पाठवू नका.

आपली,
एक विद्यार्थिनी

ता. क. नाव लिहिलेलं नाही. कायद्यानुसार ते गुप्त ठेवायचं असतं. कॉलेजात ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे.