धुक्यातला तोरणा

प्रिय पक्या,

तुला फोनवर सांगत होतो ते वॉटरकलरचं चित्र एकदाचं झालं! परवा पहाटे सिंहगडावर गेलेलो, पाऊस थांबलेला पण दरी ढगांनी भरलेली, समोर राजगड आणि त्याच्या उजवीकडे जरा मागे तोरणा, दोघांचेही पायथे गायब. तिथल्या दमट हवेत पेपर वाळणं शक्यच नव्हतं म्हणून पेन्सिलने स्केच केलं, दोन-चार फोटो काढले आणि घरी येऊन बसलो.

300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन पेपर घेतला, बोर्डला टेपने चिकटवला, बोर्ड वरून थोडा उचलला आणि सगळा पेपर ओला करून एकच पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा थर, वर कोबाल्ट ब्लू, क्षितिजाकडे किंचित यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. तो पूर्ण वाळल्यावर तोरणा. अगदी फिका निळसर, माथ्याची कड कोरड्या पेपरवर स्वच्छ काढली आणि खालची कड ओली असतानाच नुसत्या पाण्याच्या ब्रशने खाली ओढत नेली, पायथा विरत विरत पेपरच्या पांढऱ्यात गेला, बस, तेच धुकं! पांढरा रंग कुठेही लावलेला नाही.

खरी परीक्षा पुढे. पहिल्या पेपरवर मी राजगडाची घाई केली, तोरणा आतून ओलसर होता, नवीन रंगाचं पाणी त्यात घुसलं आणि कडेला फुलकोबीसारखा डाग उमटला, तो काही केल्या निघत नाही रे, सगळा पेपर गेला. फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी मात्र हाताची मागची बाजू लावून बघत राहिलो, पेपर गार लागला की अजून ओला आहे. पावसाळ्यात पंख्याखाली एका थराला अर्धा-पाऊण तास लागतो. हेअर ड्रायर मला नाही आवडत, वाऱ्याने ओला रंग सरकतो.

राजगडाला अल्ट्रामरीनचा गडद निळा आणि बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी मिसळून राखाडी केला, वाटतो त्यापेक्षा गडदच घेतला कारण वाळल्यावर फिका पडतो. अल्ट्रामरीनचे कण पेपरच्या खळग्यांत बसले आणि बालेकिल्ल्याखाली ओल्या कातळासारखा पोत आपोआप आला, ते बघत कितीतरी वेळ बसलो होतो मी. सगळ्यात पुढे करवंदीची जाळी, घट्ट रंगात, चार-पाच फटकाऱ्यांत संपवली.

आपण दोघं तोरण्यावर भिजलो होतो ना, हे चित्र तुझ्यासाठीच काढलंय. नवीन पत्ता पाठव, कडक पुठ्ठ्यात घालून कुरिअर करतो.

तुझा,
सुऱ्या