चेंडू तुम्ही स्वतः घरंगळवलात, ताई

ताई,

मार्चमधला ऑसी रूल्सचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, सराव सामना आज झाला. पोरगा चारही क्वार्टर खेळला. चेंडू पायाशी आला तेव्हा पूर्ण वेगात वाकला, उचलला, पुढे गेला. मांडी धरून बसला नाही. पत्र आजच रात्री लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, फाटली तेव्हा आधीच्या ठिकाणी त्याला बर्फ, मशीनचा शेक आणि 'तीन आठवडे आराम' एवढंच मिळालं होतं. दुखणं दहा दिवसांत थांबलं. पण दुखणं थांबलं म्हणजे स्नायू भरून आला असं नसतं. नुसत्या आरामाने त्याची ताकद आणखी उतरते, त्यातही ताणलेल्या अवस्थेतली सगळ्यात जास्त. परतल्यावर दुसऱ्याच सामन्यात तीच जागा पुन्हा गेली, आणि वर त्यालाच ऐकवलं, 'तुझे स्नायूच नाजूक.' याचा राग अजून जात नाही. नेमकं काय करताना झालं, हे कुणी एकदा विचारलं तरी होतं का?

मग तो तुमच्याकडे आला, आणि तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत. पळता पळता जमिनीवरचा चेंडू उचलताना. पुढचा पाय लांब पडलेला, गुडघा जवळजवळ सरळ, धड कंबरेतून खाली. म्हणजे स्नायू कंबरेकडून आणि गुडघ्याकडून एकाच वेळी ताणलेला. ड्रॉप पंट, म्हणजे हातातून सोडलेल्या चेंडूला मारायची किक, मारल्यावर पाय वर जातो तेव्हाही तसाच ताण येतो. ऑसी रूल्समध्ये हे टाळताच येत नाही, म्हणून तयारीही त्याचीच हवी.

तुम्ही नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून करायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम, सुरू केलात तो फक्त ३-३ वेळांच्या दोन सेटने. घोटे घट्ट धरलेले, गुडघ्यांखाली जाड गादी, कंबर न वाकवता धड सावकाश पुढे सोडायचं. कंबर मोडली की ताण स्नायूवर हवा तसा येत नाही. पोरं इथेच चुकतात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंवरच्या २०१५ च्या अभ्यासात हंगामाआधीच्या सरावाच्या सुरुवातीला नॉर्डिकमधली ही ताकद २५६ न्यूटनच्या (बल मोजायचं एकक) खाली असलेल्यांना दुखापतीचा धोका २.७ पट निघाला होता. तुम्ही तो आकडा त्याला भिंतीवर लिहायला लावलात. धावणं ६० टक्के वेगापासून, मग ७०, ८०, ९०. दोन स्प्रिंट सत्रांमध्ये निदान ४८ तास. परतीची तारीख तुम्ही कधीच दिली नाहीत. दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक १० टक्क्यांच्या आत येईपर्यंत सामना नाही, एवढंच सांगितलंत.

पण मनात घर करून बसलीय ती नोव्हेंबरमधली एक सकाळ. दवाने ओलं झालेलं मैदान, आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून हाताने चेंडू घरंगळवताय. आधी तो उभा असताना तीन मीटरवरून, मग चालताना, मग हलक्या धावेत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. अंडाकृती चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसतो, आणि नेमकं तेच हवं होतं. चाळीसएक वेळा. हे काम कुणाही पोराला सांगता आलं असतं. तुमची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती आणि तुमचं लक्ष फक्त त्याच्या कंबरेवर होतं. विसाव्या वेळेला तो न बिचकता वाकला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, चेंडू फक्त थोडा जोरात सोडलात.

जिथे पैसे मोजले जात नाहीत तिथे गुडघे टेकणारी माणसं फार थोडी असतात, ताई. परमुलखात असं माणूस भेटलं की गावची आठवण येते.

नाताळच्या सुट्टीसाठी दिलेला कागद त्याने एक दिवसही चुकवला नाही: आठवड्यातून दोनदा नॉर्डिक, एकदा स्प्रिंट. आता हंगामभर आठवड्यातून एकदा नॉर्डिक चालू राहील, तुम्ही म्हणालात तसंच, सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र नाही.

शनिवारी पहिला सामना आहे. या. तुमची जागा बाउंडरीला, त्याच्या विंगच्या बाजूला धरून ठेवतो.