त्वचारोग विभागातल्या सिस्टर, मनापासून आभार

सासूबाईंचा सोरायसिस जुना. दुकानातून आणलेलं कडक स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने लावून एकदम बंद झालं आणि नडग्यांवर चट्टे दुप्पट जोमाने उठले. स्टेरॉइड असं अचानक तोडलं की रोग उसळू शकतो.

डॉक्टरांनी औषध लिहिलं, पण ते लावायचं कसं हे तुम्ही दाखवलंत. भर गर्दीत सासूबाईंचा पाय हातमोजे न घालता मांडीवर घेतलात. ‘हा लागणारा रोग नाही, आजी,’ हे बरोबरच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालात.

मग मलम. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं हाताच्या, बोटांसकट, दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं. फक्त चट्ट्यावर, चोळायचं नाही. अंघोळ कोमट पाण्याने, पाय टिपून घ्यायचे आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. मलम आणि जेलीत अर्धा तास सोडायचा, नाहीतर औषध पातळ होऊन भलतीकडे पसरतं. खपल्या नखाने काढायच्या नाहीत. जिथे ओरखडा, तिथे नवा चट्टा उठू शकतो.

बीपीच्या गोळ्यांची पाकिटंही तुम्हीच मागून घेतलीत. त्यात बीटा ब्लॉकर होती, तिच्याने सोरायसिस वाढू शकतो. ‘गोळी मनाने बंद करू नका’ असं बजावून चिठ्ठी परत डॉक्टरांकडे नेलीत. गोळी त्यांनीच बदलली.

ट्यूबवर स्केचपेनने काढून दिलेला मोठा चंद्र सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसतो. खाज कमी आहे, झोप लागते. नाव विचारायचं राहिलं, म्हणून इथे लिहिलं.