नापास न होता एटीकेटी: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी जिल्ह्याच्या गावी वाणिज्य महाविद्यालयात शिकवतो आणि जूनमध्ये प्रवेश समितीच्या टेबलावर बसतो. हल्ली तिथे एक प्रश्न वारंवार येतो: "सर, माझं एफवाय दुसऱ्या विद्यापीठात झालंय. इथे एसवायला घ्याल ना?" विचारणारे कोण असतात? लग्न होऊन या गावात आलेली मुलगी. वडिलांची बदली झालेला मुलगा. एमआयडीसीत कामाला लागून सकाळच्या कॉलेजात शिक्षण पुरं करू पाहणारा. हौसेने कॉलेज बदलणारे फार थोडे.

या मुलांना सरकारने शब्द दिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम काढले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) खात्यात जमा राहतील, सात वर्षांपर्यंत वापरता येतील, पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे मिळवले की झालं, असं त्यात आहे. आम्हीही वर्गावर्गात उभं राहून मुलांची एबीसी खाती उघडून घेतली. आज खात्यात शिल्लक दिसते, पण दुकानदार नोट घेत नाही. श्रेयांक जमा असणं वेगळं आणि नव्या विद्यापीठाने ते आपल्या पदवीत मोजणं वेगळं. हे दुसरं काम ज्या-त्या विद्यापीठाच्या पात्रता (एलिजिबिलिटी) विभागावर सोडलेलं आहे.

अडतं कुठे, हे मंत्रालयातून कदाचित दिसत नसेल. मुख्य विषयात फारसं अडत नाही. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचं अकाउंटिंग सगळीकडे जवळपास सारखंच. अडतं ते दोन-दोन श्रेयांकांच्या विषयांत: ओपन इलेक्टिव्ह, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे पेपर, एनएसएस-क्रीडा-योगासारखे सहअभ्यासक्रम. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने या सगळ्या बास्केटांचा, म्हणजे विषयगटांचा, सांगाडा राज्यभर एकच ठरवला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आला, बाकी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. सांगाडा एक, पण आत काय भरायचं आणि कोणत्या सत्रात, हे ज्याचं-त्याचं. एकीकडे पहिल्या सत्रात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी, दुसरीकडे उलट. एकीकडे मूल्यशिक्षणात पर्यावरण आधी, दुसरीकडे संविधान. विद्यार्थिनीने एकूण श्रेयांक पुरे केलेले असतात, तरी सत्रागणिक पेपर जुळत नाहीत म्हणून तिच्या हातात कागद पडतो: "अमुक दोन पेपर राहिले." मग ती तिसऱ्या सत्राचे तास करते आणि पहिल्या सत्राच्या मुलांबरोबर परीक्षेला बसते. एकाही विषयात नापास न होता लागलेली ही एटीकेटी. आमच्या स्टाफरूममध्ये यावर विनोद होतात. भरावं लागतं ते तिला, परीक्षा शुल्कासकट.

दुसरा गुंता सरासरीचा. दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा गुणवत्तेवर भरायच्या म्हटलं की सीजीपीएची, म्हणजे दहापैकी मिळालेल्या सरासरी गुणांकाची, टक्केवारी करावी लागते. ८ सीजीपीए म्हणजे किती टक्के? दहाने गुणा, ८०. सीबीएसईने दहावीसाठी रूढ केलेला ९.५ घ्या, ७६. तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) सारणीने पाहा, ७२.५. मुलगी तीच आणि गुणपत्रिकाही तीच.

त्यापुढची गोष्ट मला जास्त खटकते. समजा, पहिल्या वर्षाच्या ४४ श्रेयांकांपैकी १२ मुख्य विषयाचे आणि ३२ बाकीचे. एकाला मुख्य विषयात ६ आणि बाकीत ९ गुणांक, तर सरासरी ८.१८. दुसरीला मुख्य विषयात ८.५ आणि बाकीत ७, तर सरासरी ७.४१. अकाउंटिंगच्या एसवायची जागा पहिल्याला मिळते. सहअभ्यासक्रमांत अंतर्गत गुणांची खैरात कुठे आणि किती होते, हे प्राध्यापक जाणतात. बोलत नाहीत इतकंच.

आता थोडं बाहेरचं. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. पहिली दोन वर्षं तिथे कमी खर्चात करून तिसऱ्या वर्षी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या सरकारी विद्यापीठांत जायचं, ही तिथली रुळलेली वाट. तिथल्या मराठी घरांनाही ती ठाऊक आहे. तिथेही सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या विषयांच्या, वेगवेगळ्या याद्या होत्या. सीएसयूची स्वतःची एक, आणि यूसीलाही चालणारी आयगेट्सी दुसरी. कुठे प्रवेश मिळणार हे कळण्याआधीच मुलांना यादी निवडावी लागे. २०२१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने एबी ९२८ हा कायदा केला आणि २०२५ च्या शरद सत्रापासून दोन्हींसाठी कॅल-गेट्सी ही एकच यादी आली, जास्तीत जास्त ३४ युनिटांची (तिथले श्रेयांक). प्रत्येक विषयात किमान सी ग्रेड हवा. एकूण सरासरीची किमान अट चारपैकी सीएसयूला २.०, आणि राज्यातल्या मुलांसाठी यूसीला २.४. मागणी असलेल्या शाखांना याहून बरंच जास्त लागतं, मुख्य विषयाच्या अटीही कॅम्पसगणिक बदलतात, तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो, हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर मुलाला घरबसल्या, अर्ज करण्याआधी दिसतं.

यावर विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा मुद्दा निघेल. मुख्य विषयात तो मला मान्य आहे. तिथे अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद यांचाच शब्द अखेरचा असावा. पण बाकीच्या बास्केटा विद्यापीठांनी मागितल्या नव्हत्या, त्या शासन निर्णयाने आल्या. मग त्या राज्यभर ग्राह्य धरण्याचा निर्णयही शासनानेच काढावा. राज्यातल्या कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या या बास्केटा पूर्ण झाल्या, तर त्या सगळीकडे पूर्ण. कोणता पेपर आणि कोणतं सत्र, हे कुणी उकरून काढायचं नाही. गुणपत्रिकेवर दोन सरासऱ्या छापाव्यात, एक एकूण आणि एक मुख्य विषयाची, आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश मुख्य विषयाच्या सरासरीवर व्हावा. टक्केवारीचं सूत्र राज्याला एकच असावं. ते कोणतं, यावर मी वाद घालणार नाही.

आणखी एक. पात्रता विभागाचं उत्तर आज तात्पुरत्या प्रवेशानंतर येतं, कधी सत्र निम्मं संपल्यावर. तोवर जुन्या कॉलेजातून एलसी काढलेली असते, परतीची वाट बंद. हे उत्तर शुल्क भरून घेण्याआधी मिळावं, आणि एबीसीच्या खात्यावर सगळे श्रेयांक दिसत असताना त्यासाठी मायग्रेशनच्या (विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याच्या) मूळ कागदाची वाट पाहू नये. पुढचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. परिपत्रक एप्रिलअखेर आलं तर आमच्या टेबलापर्यंत वेळेत पोहोचेल.

आपला,
प्रवेश समितीतला एक प्राध्यापक