सालींच्या क्लीनरची कृती छापता, तर इशाराही छापा

संपादक महोदय,

संत्री-लिंबाच्या सालींपासून घरच्या घरी ‘बायो-एन्झाइम’ बनवण्याच्या कृती पुरवण्यांमध्ये वरचेवर येतात. साली, गूळ, पाणी, तीन महिने थांबा आणि मग ‘सगळे घर चकाचक करा’, एवढ्यावर त्या संपतात. माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. नाव काहीही असले तरी बाटलीत तयार होते ते मुख्यतः सौम्य आम्ल. ते कशावर चालते आणि कशाची नासाडी करते, हे सांगितल्याशिवाय कृती अर्धीच राहते.

आधी प्रमाण, कारण निम्मी बिघाडी तिथेच होते. वजनाने एक भाग गूळ (किंवा साखर), तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन लिटरच्या बाटलीत १५० ग्रॅम गूळ, ४५० ग्रॅम साली आणि दीड लिटर पाणी घातले की वर जवळजवळ एक तृतीयांश जागा रिकामी राहते. ती वायूसाठी हवीच. बाटली प्लॅस्टिकची घ्यावी. काचेची घट्ट बंद बाटली दाबाने फुटू शकते. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडायचा, पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरते. साली वर तरंगतात आणि उघड्या राहिलेल्या भागावर बुरशी धरते, म्हणून झाकण उघडले की त्या खाली दाबाव्यात किंवा बाटली हलवावी. गूळ कमी पडला तर आंबण्याऐवजी कुजणे सुरू होते. शिजवलेले, तेलकट किंवा कांदा-लसणाचे काही घालू नये. तो वास नंतर फरशीला येतो.

वर पांढरा पातळ थर आला तर घाबरायचे कारण नाही, ते यीस्ट असते. हिरवी-काळी केसाळ बुरशी आणि सडका वास असेल तर मात्र बाटली रिकामी करावी. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, मग जिवाणू त्याचे अॅसेटिक आम्ल करतात. तीन महिने लागतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. घाई करून आधीच गाळले तर साखर शिल्लक राहते, फरशी चिकट होते आणि मुंग्या येतात. असे कच्चे द्रावण स्प्रेच्या बाटलीत बंद करून ठेवले तर तीही फुगते. पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर) आकडा ४ च्या खाली आला आणि वायू निघायचा थांबला, की दुहेरी फडक्यातून गाळावे.

आता वापर. नळावरचे, काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लात विरघळते. फडके द्रावणात भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळावे, मग घासून धुवावे. सिरॅमिकच्या फरशीसाठी एक लिटर पाण्यात ५० मिली पुरे. शेगडीवरचे जुने तेल मात्र या द्रावणाला फारशी दाद देत नाही. तिथे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ लागतो: धुण्याचा सोडा गरम पाण्यात, हातमोजे घालून, आणि अॅल्युमिनियमची भांडी दूर ठेवून. सोडा आणि आम्ल एकत्र करण्याचा सल्ला तर सगळीकडे दिसतो. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि उरते जवळपास खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर एक धुऊन काढल्यावर दुसरे.

संगमरवर, चुनखडीचे दगड आणि मोझॅक यांवर हे द्रावण कधीही टाकू नये. डाग ज्याचा, दगडही त्याचाच. तोही विरघळतो, आणि गेलेली चकाकी पुसून परत येत नाही, पॉलिशच करावे लागते. खात्री करायची तर अंड्याच्या कवचाचा तुकडा द्रावणात टाकून पाहावा. त्यावर बुडबुडे धरतात. संगमरवरावर तेच होते. (कवचाची पूड भांडी घासायला चांगली, पण १० मिनिटे उकळून, वाळवून, मग दळावी; नॉनस्टिकवर नको. आणि अर्थातच या द्रावणात मिसळून नको.)

सर्वांत महत्त्वाचा इशारा ब्लीचचा. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या कोणत्याही क्लीनरमध्ये आम्ल पडले, मग ते सालींचे असो, व्हिनेगर असो की लिंबू, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना घातक ठरतो. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून कशातही ओतले तरी चालेल, हा समज इथे जिवावर बेतू शकतो. कृतीसोबत हे एक वाक्य ठळक अक्षरांत छापावे, एवढी आपल्याला विनंती.

दुसरे, हे जंतुनाशक नाही. कच्चे मांस कापलेली फळी किंवा आजाऱ्याची खोली यासाठी साबण, गरम पाणी आणि लेबलवर तसे लिहिलेले जंतुनाशकच वापरावे. घरात मांजर असेल तर फरशी पुसल्यावर साध्या पाण्याचा हात फिरवावा. लिंबूवर्गीय सालींतले तेल मांजरांना बाधते.

ज्यांना तीन महिने थांबायचे नाही त्यांनी साली बरणीत भरून त्या पूर्ण बुडतील इतके पांढरे व्हिनेगर ओतावे, दोन आठवड्यांनी गाळून तेवढेच पाणी मिसळावे. यात आंबणे नसल्याने वायूची भानगड नाही, काचेची बरणी चालते. झाकण मात्र प्लॅस्टिकचे, कारण लोखंडी झाकण गंजते.

आंबवलेल्या बाटलीतला चोथा टाकू नये. मूठभर पुढच्या बाटलीत घातला तर तो विरजणासारखा काम करतो आणि आंबणे लवकर सुरू होते. उरलेला कोरड्या पाल्यात मिसळून खताच्या खड्ड्यात जाऊ द्यावा.

आपली,
एक वाचक